खोल्या किती हव्यात

“बेडरूम किती टाकू, बाबा?” लॅपटॉपवरची नजर न उचलता केतकीने विचारलं.

जेवणाच्या टेबलाशी आम्ही तिघं बसलो होतो. मध्ये केतकी, तिच्या एका अंगाला तिचे वडील, म्हणजे भोकरे, आणि दुसऱ्या अंगाला मी. रविवार होता. आमच्या प्रवासाचं बुकिंग करून द्यायला ती सकाळीच कोल्हापूरहून मिरजेला आली होती. विमानाची तिकिटं काढून झाली होती, आता राहायची सोय बघायची होती. आठवडाभर हॉटेलात कोंडून घेण्यापेक्षा बुडापेस्टमध्ये एखादं सुटं घर भाड्याने घ्यावं, म्हणजे निदान चहा तरी आपल्या मनासारखा होतो, हे तिचंच म्हणणं.

प्रश्न तसा साधाच होता. गावाचं नाव टाकून झालं, तारखा टाकून झाल्या. माणसं किती, दोन. आणि बेडरूम किती.

भोकऱ्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. मी समोरच्या ताटलीतलं भडंग निवडू लागले, जसे काही त्यात खडेच होते.

“दोन टाक,” ते म्हणाले.

केतकीने माझ्याकडे पाहिलं.

“दोनच बऱ्या,” मी म्हणाले. “मी पहाटे उठते. उगाच यांची झोपमोड कशाला?”

“बरं,” ती म्हणाली, आणि तिने दोन टाकल्या.

आमच्या लग्नाला तेव्हा चार-पाच महिने झाले होते. मी एकसष्ट वर्षांची होते आणि ते माझं पहिलंच लग्न होतं.

लग्न करायचं नाही असं मी काही ठरवलं नव्हतं. सोलापुरात गिरणीच्या चाळीत वाढले, बी.एड. झाल्यावर मिरजेच्या शाळेत भूगोल शिकवायला लागले, मग वडील आजारी पडले, मग आई. भावाची पोरं शिकायला माझ्याकडे राहिली. या सगळ्यात माझ्यासाठी स्थळं बघायची राहून गेली, आणि पुढे त्याची सवय झाली. केतकी माझी विद्यार्थिनी. तिची आई प्रभाताई, त्यांनाही मी पालक सभेत भेटलेली. फुफ्फुसांच्या दुखण्याने त्या सहा वर्षं अंथरुणावर होत्या. त्या गेल्यानंतर दोनेक वर्षांनी केतकी एकदा माझ्याकडे आली, चहा प्याली, आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाली, “बाई, बाबा रोज एकटे जेवतात. तुम्हीही एकट्याच जेवता.” एवढंच. पुढचं सगळं त्या दोन वाक्यांतून झालं.

नोंदणी पद्धतीने लग्न झालं त्या संध्याकाळी मी बॅग घेऊन या घरात आले. भोकरे पाणीपुरवठ्यातले निवृत्त इंजिनिअर. मोजकं बोलणारे. त्यांनी माझ्या हातातली बॅग घेतली, क्षणभर दोन दारांच्या मध्ये उभे राहिले, आणि ती केतकीच्या जुन्या खोलीत नेऊन ठेवली.

“ही खोली हवेशीर आहे,” ते म्हणाले.

मीही हो म्हणाले. खोली खरोखरच हवेशीर होती. त्यानंतर तो विषय कधी निघाला नाही. आम्ही सकाळी एकत्र फिरायला जायचो, एकत्र जेवायचो, बातम्या बघायचो, आणि मग ते त्यांच्या खोलीत जायचे, मी माझ्या. ते माझ्याशी फार नीट वागत. मला कशानेच हाक मात्र मारत नसत. काही बोलायचं असलं की समोर येऊन उभे राहत आणि बोलायला सुरुवात करत. मी मनात त्यांना अजून भोकरेच म्हणत होते.

बुडापेस्टचं खूळ माझं. नववीच्या वर्गात युरोपच्या नद्या शिकवताना मी फळ्यावर डॅन्यूब काढायची. जर्मनीच्या डोंगरातून निघते, पूर्वेला जाते, आणि हंगेरीत शिरल्यावर एकदम काटकोनात दक्षिणेला वळते. त्या वळणाच्या खाली मी निळ्या खडूने एक ठिपका द्यायची. जन्मभर तो ठिपका दिला. भोकऱ्यांनी एकदा विचारलं, “तुम्हाला कुठे जावंसं वाटतं?” तेव्हा माझ्या तोंडून तेच निघालं. त्यांनी जरा विचार केला. “नदी बघायची म्हणता,” ते म्हणाले. “बघू या की. मी आयुष्यभर नदीचं पाणीच उपसलंय, कधी नुसती बघितली नाही.”

केतकीने तीन घरं काढून दाखवली. नदीच्या एका काठाला बुडा, तिथे टेकड्या. दुसऱ्या काठाला पेस्ट, ते सपाट आणि गजबजलेलं. पहिलं घर बुडाच्या टेकडीवरचं. दोन खोल्या, पुढे बाग, शांत. बसने वर चढून जायचं. दुसरं स्टेशनजवळचं, नवं कोरं, पांढरंफेक, दवाखान्यासारखं. त्यातही दोन खोल्या.

“आणि हे एक आपलं असंच आलंय मध्येच,” ती म्हणाली. “यात एकच बेडरूम आहे, पण फोटो बघा बाई. गंमत आहे.”

मी वाकून पाहिलं. पेस्टमधल्या जुन्या वस्तीतली चार मजली इमारत. मध्ये चौकोनी अंगण, आणि प्रत्येक मजल्यावर अंगणाच्या चारी बाजूंनी फिरणारी लांब गॅलरी. गॅलरीला लोखंडी कठडा, कठड्यावर कुंड्या. एका दाराबाहेर कोणाची तरी सायकल, दुसऱ्या दाराबाहेर वाळत घातलेली चादर.

“अगं, ही तर चाळ आहे,” मी म्हणाले.

“तेच म्हणते मी.”

“आमची अशीच होती. फक्त कठडे लाकडी. याच कोपऱ्यात आमची खोली.” मी पडद्यावर बोट ठेवलं. “आणि इथे नळ. अंबूमावशी इथे बसून भाकऱ्या थापायची, सगळ्यांशी बोलता यावं म्हणून.”

मी बराच वेळ बोलत राहिले असेन. थांबले तेव्हा लक्षात आलं की भोकरे फोटोकडे नाही, माझ्याकडे बघत होते. मग मी सावरून बसले.

“पण खोली एकच आहे,” मी म्हणाले. “टेकडीवरचंच बरं. हवा छान असेल.”

“हवा छान असेल,” भोकरे म्हणाले.

व्हिसाच्या अर्जाला राहण्याचा पत्ता लागत होता, म्हणून केतकीने टेकडीवरचं घर नक्की करून टाकलं. निघताना तिने गाडीच्या काचेतून मला सांगितलं, “बदलायचं असेल तर व्हिसा आल्यावरही बदलता येतं, बाई. निघायच्या आधी पंधरा दिवसांपर्यंत. मनात ठेवू नका काही.”

मनात ठेवण्यासारखं काय होतं? मी स्वतःशी हिशेब सरळ केला होता. एकट्या माणसाला जेवताना सोबत हवी होती, ती मिळाली. मलाही मिळाली. साठीनंतर याहून जास्त मागायला जाणं हे हावरटपणाचं लक्षण. शिवाय वेगळी खोली मलाही सोयीची होती, त्याला माझी कारणं होती. पण त्यांनी ‘दोन टाक’ म्हणताना जराही वेळ घेतला नाही, हे मात्र कुसळासारखं रुतून बसलं होतं. चष्मा पुसायला जेवढा लागतो तेवढाच वेळ.

व्हिसा आला. उन्हं तापायला लागली होती. संध्याकाळी आम्ही कृष्णेच्या घाटावर जायचो, पायऱ्यांवर बसायचो. पाणी कमी झालं होतं, पलीकडच्या काठाला म्हशी उतरल्या होत्या. अशाच एका संध्याकाळी भोकरे म्हणाले, “ते चाळीसारखं घर घेऊ या.”

“कोणतं?”

“तुम्ही बोट ठेवलं होतंत ते. मी केतकीला विचारून घेतलं. अजून रिकामं आहे.”

“तिथे खोली एकच आहे,” मी म्हणाले.

“हो. पण बाहेरच्या खोलीत सोफा आहे. तो उघडला की पलंग होतो. तेही विचारलंय तिला. मी तिथे झोपेन. तुम्ही आत झोपा. तुम्हाला तुमची गॅलरी मिळेल.”

फार चांगल्या मनाने त्यांनी हे सगळं जुळवून आणलं होतं. सोफ्याची लांबी सुद्धा विचारून ठेवली असणार.

“नको,” मी म्हणाले. “टेकडीवरचंच राहू द्या.”

“का? तुम्हाला आवडलं होतं.”

“आवडलं होतं. पण टेकडीवर दोन खोल्या आहेत म्हणून दोघं दोन खोल्यांत झोपतील. त्यात कोणाला काही वाटायचं कारण नाही. इथे मी एकटी त्या मोठ्या पलंगावर पडणार आणि तुम्ही उठून बाहेर सोफ्यावर जाणार. रोज. ते मला नाही बघवायचं.”

ते माझ्याकडे वळले. मी नदीकडे बघत राहिले, कारण पुढचं त्यांच्या तोंडाकडे बघून मला बोलता आलं नसतं.

“एक विचारते. मी खोलीत असलेली तुम्हाला नको वाटते का? तसं असेल तर सरळ सांगा. प्रभाताईंची जागा आहे ती, मला कळतं. मला थोडं वाईट वाटेल, पण निदान कळेल तरी.”

“नाही,” ते म्हणाले. “तसं नाही.”

“मग कसं आहे?”

खालच्या पायरीवर एक बाई घागर घासत होती. तिची घागर घासून झाली, ती भरून निघून गेली, मग ते बोलले.

“प्रभाला शेवटी शेवटी घरीच ऑक्सिजन लावलेला असायचा. मशीन होतं. दिवसरात्र घरघर आवाज करायचं. सुरुवातीला त्या आवाजाने झोप यायची नाही, पुढे त्याच्याशिवाय यायची नाही. आवाज चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं डोक्यात बसलं होतं. ती झोपली की मी अधूनमधून तिच्या नाकापुढे हात धरून बघायचो. श्वास लागतो हाताला. रात्रीतून कितीदा तरी.”

“हं.”

“त्या दिवशी दुपार होती. मी तिला भात भरवला. दोन घास जास्तच खाल्ले तिने. मग ती झोपली. मी शेजारी पडलो. बघायचं होतं हात धरून, पण इतका थकलो होतो, की मशीनचा आवाज ऐकत ऐकत डोळा लागला. उठलो तेव्हा उन्हं कलली होती. मशीन चालूच होतं. ती गेलेली होती.”

मी नदीवरून नजर काढून त्यांच्याकडे वळले.

“डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, तुम्ही जागे असतात तरी काही करता आलं नसतं. ते खरंच असेल. पण तेव्हापासून माझ्या शेजारी कोणी झोपलेलं असलं की मला जमत नाही. केतकीकडे गेलो होतो, नातू शेजारी झोपला, मी पहाटेपर्यंत त्याच्या नाकापुढे हात धरून बसलो. पोर दचकून उठलं, रडायला लागलं. दुपारी तर मी आडवाच होत नाही.” ते थांबले. “तुमची बॅग हातात घेतली तेव्हा मी दोन दारांमध्ये उभा होतो. मनात आलं, ही बाई आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी घरी आली आहे. मी हिला काय देणार, तर तोंडावर हात. म्हणून ती खोली हवेशीर आहे म्हणालो.”

पलीकडच्या म्हशी एकेक करून पाण्याबाहेर यायला लागल्या होत्या. मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण चार माणसं ओळखीची होती घाटावर. मी जन्मभर कोणाला सांगितली नव्हती ती गोष्ट सांगायची वेळ आली आहे, हे मला कळत होतं. लाजेने कान तापले.

“मी घोरते,” मी म्हणाले.

“काय?”

“घोरते. मोठ्याने.”

त्यांना नीट कळलं नसावं. “सगळीच माणसं थोडीफार घोरतात,” ते म्हणाले.

“थोडीफार नाही. विजापूरच्या सहलीला सगळ्या शिक्षिका एका हॉलमध्ये झोपलो होतो. पहाटे जाग आली तर हॉलमध्ये मी एकटी. बाकीच्यांनी गाद्या उचलून व्हरांड्यात नेल्या होत्या. पुढच्या वर्षीपासून मला सहलीला वेगळी खोली मिळायची. मुलींनी नाव ठेवलं होतं, भूगोलाच्या बाईंची मालगाडी. केतकीला विचारा, तिला माहीत असणार.”

“केतकी कधी बोलली नाही.”

“गुणी मुलगी आहे.”

“पण इतके महिने आपण एका घरात राहतो. मला कधी ऐकू आलं नाही.”

“मी दार लावून झोपते. आणि खालच्या फटीला टॉवेल लावते. सकाळी उठून आधी तो काढते.”

भोकऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मिशा हलल्या. आधी त्यांनी तोंडावर रुमाल धरला, पण खांदे गदगदायला लागले आणि मग ते आवरेना. इतक्या महिन्यांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. वरच्या पायरीवर बसलेले जोशी वकील वळून बघायला लागले.

“टॉवेल,” ते डोळे पुसत म्हणाले. “रोज?”

“रोज. म्हणून मीही दोन खोल्या म्हणाले. तुम्हाला वाटलं असेल मी पहाटे उठते म्हणून.”

“मला वाटलं तुम्हाला माझी खोली नको आहे.”

त्यांचं हसू ओसरलं होतं, पण चेहरा सैल झाला होता.

“असं बघा,” मी म्हणाले. वर्गात समजावून सांगताना लागायचा तसा माझा आवाज लागला. “मशीन आपोआप चालतं, माणूस असो नसो. माझा आवाज मी असेपर्यंतच. थांबला तर तुम्हाला लगेच जाग येईल. आणि नाहीच भरवसा वाटला, तर हात धरून बघा. मी दचकणार नाही. मला आता माहीत आहे तो हात कशाचा आहे ते.”

ते हातातल्या रुमालाची घडी घालत होते. घडी नीट झाली तरी पुन्हा उघडून घालत होते.

“घरी नको,” शेवटी ते म्हणाले. “त्या खोलीत नको. तिथे मला जमणार नाही. तिकडे बघू. नाही जमलं तर सोफा आहेच.”

“आहेच,” मी म्हणाले.

घाटावरूनच त्यांनी केतकीला फोन लावला. “ते चाळीचं घर घे,” म्हणाले. ती पलीकडून काहीतरी बोलली. “सोफा कशाला लागतोय,” ते म्हणाले. “बॅगा ठेवू त्याच्यावर.”

मे महिन्याच्या मध्यावर आम्ही बुडापेस्टला पोचलो. माझ्या सामानात सोलापूरहून मागवलेल्या कडक भाकऱ्या होत्या आणि शेंगांची चटणी. विमानतळावर अधिकाऱ्याने भाकरी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. घर फोटोत होतं तसंच निघालं. लाकडी दारांची एवढीशी लिफ्ट, त्यात आम्ही दोघं आणि एक बॅग मावली, दुसऱ्या बॅगेसाठी ते परत खाली गेले. तिसऱ्या मजल्यावर गॅलरी, गॅलरीच्या कोपऱ्यात आमचं दार. खालच्या मजल्यावर एक म्हातारी बाई कुंड्यांना पाणी घालत होती. तिने मान वर करून “यो नपोत” म्हटलं. मी हात जोडले. तिने झारी खाली ठेवली आणि तिनेही जोडले.

पलंग मोठा होता. बॅगा आम्ही सोफ्यावर ठेवल्या.

सगळं लगेच जमलं असं मला सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पहिल्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा भोकरे खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते आणि त्यांचे डोळे लाल होते. “झोपलो होतो मी,” ते म्हणाले. “आत्ताच उठलो.” दुसऱ्या दिवशीही तेच. तेच वाक्य, तीच खुर्ची. मी चहा केला, भाकरीचा तुकडा आणि चटणी दिली. पिवळ्या ट्राममधून आम्ही नदीकाठाने गेलो. डॅन्यूब मी फळ्यावर काढायची त्यापेक्षा कितीतरी रुंद होती, आणि निळी तर अजिबातच नव्हती, आपल्या कृष्णेसारखी मातकट हिरवी होती. भोकरे पुलाच्या कठड्याला टेकून प्रवाहाचा वेग किती असेल ते मला सांगत होते आणि मधेच वाक्य विसरत होते. दोन रात्री जागलेल्या माणसाला मी कुठे कुठे फिरवतेय, असं मला झालं. सोफा उघडू या म्हणावं, असं जिभेवर आलं होतं. म्हटलं, आजची बोट होऊ दे, मग बोलू.

त्या दिवशी संध्याकाळच्या बोटीची तिकिटं केतकीने आधीच काढून ठेवली होती. नदीतून सगळं शहर दाखवणारी बोट. पुलावरून आम्ही तसेच मंडईत गेलो, लाल मिरच्यांच्या माळा बघितल्या, टोमॅटो आणि भोपळी मिरच्या घेतल्या, आणि दगडी रस्त्यांवरून चालून चालून माझ्या पायांचे तुकडे पडायची वेळ आली. घरी येऊन मी पिठलं केलं. जेवण झाल्यावर म्हटलं, “मी जरा पाठ टेकते. बोटीला वेळ आहे.”

“टेका,” ते म्हणाले. ते खुर्चीत बसून नकाशा बघत होते.

मला लगेच झोप लागली असणार, आणि मी घोरले असणार, त्यात शंका नाही.

जाग आली तेव्हा खोलीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. खुर्ची रिकामी होती, नकाशा जमिनीवर पडला होता. मी कूस वळले. भोकरे माझ्या शेजारी झोपले होते. चष्मा काढायचा राहून गेला होता, तो कानावरून निसटून उशीवर आला होता. तोंड किंचित उघडं. एक हात आमच्या दोघांच्या मध्ये चादरीवर पडलेला, तळवा वर करून, कोणीतरी काहीतरी देईल म्हणून धरावा तसा. गाढ झोपले होते. लहान मूल प्रवासात दमून झोपतं तसे.

मी चष्मा हळूच काढून घेतला. त्यांना कळलंही नाही.

बोटीची वेळ जवळ आली होती. मी पायात चपला न घालता उठले आणि गॅलरीत आले. दार ओढून घेतलं, पण लावलं नाही. अंगणात सावली उतरली होती, वरच्या मजल्याच्या कठड्यावर तेवढं ऊन होतं. तेवढ्यात हातातला फोन थरथरला. केतकी होती. तिच्याकडे दिवेलागण झाली असेल.

“बाई, निघालात का बोटीला? मी आठवण करून द्यायला फोन केला. धक्क्यावर आधी जाऊन बसा, जागा चांगली मिळते.”

“आम्ही नाही जात, अगं,” मी खालच्या आवाजात म्हणाले.

“का? काय झालं? बाबांना बरं नाही का?”

“बरं आहे. झोपलेत.”

“आत्ता?”

“हो. जेवल्यावर मी आडवी झाले, ते पण झोपले.”



“बाई,” मग ती म्हणाली, “बाबा दुपारी झोपत नाहीत.”

“माहीत आहे मला.”

“आई गेल्यापासून कधी…” तिचा मुलगा मागे कशासाठी तरी हाका मारत होता, तिने त्याला थांब म्हटलं. तिचा आवाज भिजलेला होता. “तुम्ही कुठे आहात?”

“बाहेर गॅलरीत.”

“उठवू नका त्यांना.”

“नाही उठवत.”

“बोटीचं काही नाही. बोटी रोज असतात.”

“हो गं.”

फोन ठेवला आणि मी कठड्याला टेकून उभी राहिले. खालच्या मजल्यावरच्या त्या म्हातारीने आपला गालिचा आणून कठड्यावर टाकला, वेताचं झोडपणं हातात घेतलं आणि दोन जोरदार तडाखे दिले. सगळ्या अंगणात आवाज घुमला. मी झटकन वाकून हात हलवला. तिने वर पाहिलं. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी. मी माझ्या पाठीमागच्या आमच्या दाराकडे बोट केलं, दोन्ही तळवे जोडून गालाखाली धरले आणि डोळे मिटून दाखवलं.

तिने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला काय समजलं कोण जाणे. झोडपणं तिने काखेत धरलं, गालिचा हळूहळू गुंडाळला, आणि दाराचा आवाज होऊ न देता आत निघून गेली.